यादीत राहिलेलं नाव

आमच्या नांदेडच्या गल्लीत निवडणूक आली हे मला भाषणांवरून कळत नाही, दारावरून कळतं. एरवी बेल दाबणारी माणसं या दिवसांत कडी वाजवतात. असं का, याचा मी बरीच वर्षं विचार करते आहे. कडी वाजवली की जरा घरोब्याचं वाटत असावं. काल दुपारी कडी वाजली, दार उघडलं तर दोन पोरी उभ्या. गळ्यात पक्षाचे रुमाल, हातात मोबाइल, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला.

"काकू, घरात मतं किती?"

"तीन," मी म्हटलं.

"तिघंबी इथंच असता?"

"मुलगा पुण्याला असतो."

"मग मतदानाला यील का?"

मला हसूच आलं. मी त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं, आणि त्यांनी मला जितके प्रश्न विचारले त्याच्या दुप्पट मीच त्यांना विचारले. कोण आपलं, कोण परकं, हे कसं नोंदवता? कुंपणावर बसलेल्यांचं काय करता? एखादी म्हातारी सगळ्यांनाच "तुलाच देते ग माय" म्हणत असेल तर? पोरी आधी बिचकल्या, मग रंगल्या. मोबाइलमध्ये प्रत्येक नावापुढे रंग भरायचा असतो म्हणाल्या. हिरवा आपला, लाल त्यांचा, पिवळा डळमळीत. "आणि आमच्या घराला कोणता रंग दिलात?" असं विचारल्यावर दोघींनी एकमेकींकडे बघून मोबाइल पालथे केले. पिवळा असणार. चहा घेऊन त्या पुढच्या दाराला गेल्या आणि मी हातातला कप तसाच धरून बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिले.

माघाचं ऊन होतं. मोंढ्याकडून तुरीच्या भुसकटाचा वास येत होता. हा वास आणि निवडणूक एकत्र आले की मी नांदेडात राहत नाही, लातूर जिल्ह्यातल्या आमच्या त्या नव्या गावात जाऊन पोचते.

नवं गाव म्हणजे भूकंपानंतर वसवलेलं गाव. जुनं गाव ओढ्यापलीकडे दगडमातीचा ढीग होऊन पडलं होतं आणि इकडे माळावर सरळ रेषेत घरं उभी राहिली होती. गल्ल्या नव्हत्या, लायनी होत्या. पहिली लाईन, दुसरी लाईन, अशा नऊ. सगळी घरं एकाच रंगाची, एकाच तोंडाची. पहिल्या वर्षात माणसं दुसऱ्याच्याच घरात शिरायची, चुलीवर भलतंच भांडं दिसल्यावर शरमून मागे फिरायची. घरं चिठ्ठ्या टाकून वाटलेली, त्यामुळे जन्मभर भिंतीला भिंत लावून राहिलेली दोन घरं एक पहिल्या लायनीत तर दुसरं आठव्या लायनीत. जुन्या शेजारणींना एकमेकींकडे मिरची मागायला जायचं तर अर्धं गाव ओलांडावं लागायचं.

माझे वडील तिथल्या शाळेत मास्तर. आम्ही शाळेच्या पत्र्याच्या खोल्यांत राहत होतो म्हणून वाचलो, असं आई शेवटपर्यंत सांगायची. मी सांगते त्या निवडणुकीच्या वर्षी मला अठरा पूर्ण झाली होती आणि मी घरी बसून होते. बारावीला मला लातूरला ठेवलं होतं. तेव्हा लातूरला नुकताच क्लासचा सुकाळ होऊ लागला होता. एका खोलीत चार मुली, पहाटे पाचला पहिला तास, डब्यात रोज तीच वांग्याची भाजी आणि भिंतीभिंतीवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. त्या मुलांचे डोळे मला फार लागत. सायक्लोस्टाइल नोट्स पाठ करून करून मला बेडकाचं पोट घरच्या फडताळासारखं माहीत झालं होतं. तरीही डॉक्टरकीला गुण थोडे कमी पडले. पुन्हा परीक्षा द्यायची असं ठरलं. म्हणजे मी पुस्तक उघडं ठेवून खिडकीबाहेर बघायची. गावात तोंड दाखवायचीही लाज वाटत होती. आई विचारायची नाही, आणि ते न विचारणंच जास्त टोचायचं.

अशा वेळी मन्मथअप्पा आमच्या दारात आले. अप्पांचं किराणा दुकान. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची डबी, अंगात बंडी. गेली तीस वर्षं एकाच पक्षाचं काम करत आलेले, पण स्वतः कधी उभे न राहिलेले. का राहिला नाहीत असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "उभं ऱ्हाणाऱ्याला एकच मत आपलं वाटतंय, स्वतःचं. आपल्याला समदी लागत्यात." ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनल असतं, पण कुठलं पॅनल कुठल्या पक्षाचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. अप्पांनी वडिलांना विचारलं, "गुरुजी, तुमच्या पोरीचं अक्षर चांगलं हाय म्हनं. यादी उतरून घ्यायची व्हती."

वडील सरकारी नोकर. त्यांनी ताबडतोब वर्तमानपत्रात डोकं खुपसलं. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. आमच्या घरात हो म्हणायची ती पद्धत होती.

तर माझं राजकारण असं अक्षरापासून सुरू झालं.

यादी उतरून काय घ्यायची, हा मला पहिला प्रश्न पडला. छापलेली यादी आहे, ती वाचावी. पण छापलेली यादी जुन्या गावाची होती. घर नंबर एक, मारुतीच्या पारापासून सुरू, मग सुतारांची आळी, मग वेशीकडची घरं, मग ओढ्याकाठचा वाडा. ही गल्ल्यांची रांग आता फक्त कागदावर उरली होती. कार्यकर्त्याला घरोघर जायचं तर नव्या लायनीप्रमाणे यादी हवी. म्हणून रोज दुपारी, ऊन उतरायला लागलं की, अप्पांच्या दुकानासमोर सतरंजी पडायची. मी छापील यादीतलं नाव मोठ्यानं वाचायचं, बसलेल्यांपैकी कुणीतरी सांगायचं, "सहावी लाईन, लिंबाच्या अलीकडं," आणि मी ते नाव सहाव्या लायनीच्या वहीत उतरवायचं. शेजारी खूण. आपल्याला उभी रेघ, त्यांना फुली, डळमळीत असेल तर नुसता ठिपका. बेडकाचं वर्गीकरण करून आलेल्या मुलीला माणसांचं वर्गीकरण करायला फार मजा येत होती, हे कबूल करते.

पहिल्या दिवशी सतरंजीवर पाच कार्यकर्ते होते. तिसऱ्या दिवशी पन्नास माणसं होती, आणि त्यात निम्म्या बाया. मला कळेना, मतदारयादी ऐकायला लोक का येतात. विरुद्ध पॅनलचीसुद्धा माणसं येऊन लांब उकिडवी बसायची. मग एका दुपारी वाचता वाचता लक्षात आलं. मी यादी वाचत होते तेव्हा ती माणसं जुन्या गावातून चालत होती. पार आला, सुताराचं घर आलं, त्याला लागून कासारणीचं, मग बोळ. नावं त्याच क्रमानं यायची ज्या क्रमानं दारं होती. पहिल्या आणि आठव्या लायनीत फेकल्या गेलेल्या दोघी शेजारणी त्या यादीत अजून एकाखाली एक होत्या. एक नाव झालं की दुसरी आपोआप म्हणायची, "आता मी." कुणी मधेच सांगायचं, या दोन घरांच्या मधे चिंच होती. मी चिंचही वाचावी अशी त्यांची अपेक्षा असायची.

आणि गेलेल्यांची नावं यायची. यादीची दुरुस्ती अर्धीमुर्धी झाली होती. कुठल्या घरातली सगळी नावं कमी झालेली, कुठल्या घरातली एकही नाही. नाव वाचलं की कुणीतरी हळूच म्हणायचं, "गेली." त्यासाठी अप्पांनी नाव कमी करायच्या अर्जांचा गठ्ठा आणून ठेवला होता. त्यांचा नियम होता की मेलेल्या माणसाचं नाव यादीत ठेवायचं नाही, मग ते घर आपलं असो की त्यांचं. मी कारण विचारलं.

"नाव मोकळं ऱ्हायलं की कुनीतरी घालून घेतंय," अप्पा म्हणाले. "मेलेल्याच्या नावानं शिक्का मारत्यात. हे लई वाईट. जित्याला फशिवलेलं चालतंय यकवेळ."

म्हणून ते घरच्या माणसाला तिथंच बसवून अर्ज भरून घ्यायचे. मी लिहायचं, घरच्यांनी सही करायची नाहीतर अंगठा द्यायचा. कधी माणूस अंगठा शाईत बुडवून तसाच बसून राहायचा. अप्पा घाई करायचे नाहीत. हातातलं काम बाजूला ठेवून त्याच्याशेजारी बसायचे आणि बैलांच्या गोष्टी काढायचे. देवणीच्या बाजारात कोणता गोऱ्हा कितीला गेला, कोणाच्या वळूचे कान लांब. मग माणूस अंगठा द्यायचा. हे बैल काढायचं तंत्र मी पुढे शिक्षिका झाल्यावर, नापास झालेल्या मुलांवर, कितीतरी वेळा वापरलं.

चौथ्या की पाचव्या दुपारी चारशे बारा नंबर आला.

"भागीरथी मन्मथप्पा," मी वाचलं आणि वर बघितलं. ते अप्पांचंच घर होतं. भागीरथीबाई भूकंपाच्या पहाटे भिंतीखाली गेल्या हे सगळ्या गावाला माहीत होतं, मलाही. मी अर्जांच्या गठ्ठ्याकडे हात नेला.

"ते ऱ्हाऊ दे माय," अप्पा म्हणाले. "पुढच्या टायमाला बगू."

मी पुढचं नाव वाचलं. पण माझा स्वभाव कसा आहे, एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिचा पिच्छा सोडत नाही. दोनशे घरांचे अर्ज भरायला लावणारा माणूस स्वतःचा एक अर्ज भरत नाही, हे मला उलगडेना. अर्ज द्यायची मुदत संपायला दोन दिवस होते. दुसऱ्या दिवशी दुकानात कुणी नाही असं बघून मी गूळ घ्यायच्या निमित्तानं गेले आणि सरळ विचारलं. आज विचारलं नसतं. अठराव्या वर्षी माणूस फार धीट असतो.

अप्पा गूळ फोडत होते. फोडता फोडता म्हणाले, "रेशनकार्डावरनं नाव काढलं. सातबाऱ्यावरनं काढलं. दवाखान्याच्या कागदावर, मदतीच्या कागदावर, मीच सह्या केल्या. आता येवढ्या यका यादीत हाय ती. निवडणूक आली की सरकार तिचं नाव छापून धाडतंय. ऱ्हाऊ दे की."

"पण अप्पा, तुम्हीच म्हणता, मोकळं नाव..."

"मी बसनार हाय ना बूथवर," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यापुढं कोन घालील?"

मुदत गेली. नाव राहिलं. त्या निवडणुकीत कोण जिंकतं याची गावाला उत्सुकता होती, मला मात्र एकच लागून राहिली होती, या नावाचं काय होणार.

आमच्या लायनींचा जो प्रभाग होता तो बायकांसाठी राखीव झाला होता. आमच्या पॅनलकडून रुक्मिणबाई उभ्या होत्या. नवव्या लायनीतल्या. त्या उभ्या राहिल्या त्याला एकच कारण होतं, पाणी. टाकी पहिल्या लायनीपाशी. व्हॉल्व्ह सोडला की पहिल्या चार लायनी हंडे, टाक्या, बैलाचं आंघोळपाणी सगळं उरकून घ्यायच्या आणि नवव्या लायनीला नळातून नुसती फुसफुस यायची. कोणती लाईन आधी सोडायची हे ग्रामपंचायतीचे मेंबर ठरवायचे आणि मेंबर सगळे पहिल्या चार लायनींतले. रुक्मिणबाई दिवसाला सात खेपा करायच्या. भाषण त्यांना यायचं नाही. प्रचाराला गेल्या की डोक्यावरची चुंबळ काढून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "ही माझी खूण. कागदावर कपबशी हाय."

माझ्या मनात तोवर निवडणूक म्हणजे दिल्ली-मुंबईची. हेलिकॉप्टर, मैदानातली धूळ. ग्रामपंचायतीला लोक इतके का पेटतात, असं मी अप्पांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "ते मोठं मत दिलं की ते दूर जातंय, परत काय येतंय ठाव न्हाई. हे मत दारातच ऱ्हातंय. सकाळी नळ सोडला की कळतंय कुनाला दिलतं." नागरिकशास्त्राच्या पुस्तकात इतकं सरळ कुठे लिहिलेलं मला अजून सापडलेलं नाही.

मतदानाला आठ दिवस उरले आणि कामाची तऱ्हा बदलली. आता वही घेऊन लायनी पालथ्या घालायच्या. हुरडा संपत आला होता, तुरीच्या राशी चालू होत्या, माणसं घरी सापडायची नाहीत. मग खळ्यावर जायचं. धुरळ्यात उभं राहून ओरडून विचारायचं, "मामा, घरात मतं किती?" मामा पाटी खाली ठेवून बोटं मोजायचे. तेव्हा मला नवल वाटायचं की माणसं किती सहज स्वतःला मतं म्हणवून घेतात. आम्ही पाच मतं आहोत. दोन मतं शेतात गेलीत. एक मत बाळंतपणाला चाकूरला गेलंय.

आणि काही मतं लातूरला होती. ही नवीनच भानगड होती. भूकंपानंतर गावातल्या शहाण्या घरांनी ठरवून टाकलं होतं की आता पोरगं शिकवायचं, भिंतीवर विश्वास नाही. पोराला बारावीला लातूरला ठेवायचं तर त्याच्या जेवणासाठी आईही खोली करून तिकडेच. आमच्या प्रभागातल्या अकरा आया त्या वर्षी लातूरच्या क्लासांच्या गल्लीत होत्या. त्यांना आणायला जीप ठरली, आणि लातूरचे गल्लीबोळ मला पाठ म्हणून निरोप द्यायला मलाच धाडलं. मी ज्या खोल्यांमधून पळून आले होते त्याच खोल्यांची दारं वाजवत फिरले. एक आई म्हणाली, "पोराची टेस्ट हाय त्या दिवशी. त्याला डबा कोन दील?" दुसरी म्हणाली, "मी यीन, पर पाण्याचं खरं करा बाई. सुट्टीत गावी गेले की मलाच भरावं लागतंय." अकरांपैकी सात जणी कबूल झाल्या. परत येताना एसटीत बसले आणि लक्षात आलं की भिंतीवरच्या फोटोंकडे आपण आज बघितलंच नाही.

म्हाताऱ्यांना मत द्यायला शिकवणं हे सगळ्यात गमतीचं काम. शिक्का मारून झाल्यावर मतपत्रिकेची घडी उभी घालायची, आडवी नाही. आडवी घातली की ओल्या शाईचा ठसा दुसऱ्या चिन्हावर उमटतो आणि मोजणीच्या वेळी भांडणं लागतात. आम्ही बटाट्याचा शिक्का केला होता, वर्तमानपत्राच्या पट्ट्यांवर कपबशी आणि बाकीची चिन्हं काढली होती. एकेक आजी पट्टी घ्यायची, शिक्का मारायची आणि घडी घालून थेट कनवटीला लावायची. "आजी, पेटीत टाकायची!" "टाकीन की. घरी दाखवून टाकीन." दुपारभर हसून हसून पोट दुखायचं. अप्पा मात्र हसायचे नाहीत, दहाव्यांदा त्याच शांतपणे घडी घालून दाखवायचे.

शेवटी चिठ्ठ्या. यादीतल्या प्रत्येक नावाची एक चिठ्ठी, नाव आणि नंबर लिहून आधीच घरी पोचवायची, म्हणजे बूथवर खोळंबा होत नाही. त्या सगळ्या मी लिहिल्या. चारशे अकरा लिहिली, चारशे तेरा लिहिली, आणि मग मागे येऊन चारशे बाराही लिहिली. का लिहिली? यादीत नाव होतं. गाळायची तर अप्पांना विचारावं लागलं असतं आणि पुन्हा विचारायचा धीर नव्हता. अक्षर मात्र जरा जपून काढलं. ती चिठ्ठी मी गठ्ठ्याच्या तळाशी ठेवली आणि गठ्ठा पॅनलप्रमुख तात्यांच्या हवाली केला. तात्या म्हणजे पॅनलचं डोकं, जीप त्यांची, कर्णा त्यांचा, आणि कोणत्या घरात किती मतं हे त्यांना झोपेतही सांगता यायचं. गावाच्या लेखी माझी चूक काहीच नव्हती. माझ्या लेखी ती अजून माझीच आहे.

मतदानाच्या दिवशी वडिलांना शिरूर अनंतपाळकडच्या एका गावात ड्यूटी लागली होती, त्यामुळे ते पहाटेच गेलेले. मी सकाळपासून शाळेबाहेर लांबवर पॅनलच्या टेबलाशी यादी घेऊन बसले. अप्पा आत, खोलीत, आमच्या बाजूचे एजंट. शेजारी विरुद्ध पॅनलचा एजंट. दुपारी एकच्या सुमाराला त्यांचा एजंट जेवायला गेला आणि त्याच्या जागी ओढ्यापलीकडच्या दुसऱ्या गावातून आलेला एक जावईबुवा बसला, ज्याला आमच्याकडच्या बाया ओळखू येत नव्हत्या. तात्यांनी मला म्हटलं, "आत जाऊन अप्पाला सांग, जेवायला चल म्हणून. आन् तुझंबी मत टाकून घे." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझं आयुष्यातलं पहिलं मत होतं, मी आनंदानं गेले.

अप्पा म्हणाले, "सकाळी पूजा करून दूध पिलोय. आता पेटी बंद झाल्यावरच उठीन." मी बायकांच्या रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे एक बाई होती, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. चिठ्ठी तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. पहिल्यांदाच मत देत असेल, असं मला वाटलं. तिनं चिठ्ठी टेबलावर ठेवली. ती चिठ्ठी माझ्या अक्षरातली होती, आणि वाचायच्या आधीच मला कळलं कोणती ते.

नावं मोठ्यानं उच्चारायची रीत असते. टेबलामागच्या मतदान अधिकारी साहेबांनी उच्चारलं, "चारशे बारा. भागीरथी मन्मथप्पा."

अप्पा यादीवर वाकले होते. त्यांनी मान वर केली आणि दाराकडे बघितलं. त्या बाईकडे नाही, दाराकडे. ते बघणं क्षणभराचंच होतं, पण मी ते पाहिलं आणि मला रडू फुटलं. मग त्यांचे डोळे रांगेवरून माघारी आले आणि त्या पदराशी थांबले.

जावईबुवा पान लावत होता. साहेबांनी बोटाला शाई लावायची काडी उचलली. एवढाच वेळ होता. अप्पा गप्प बसले असते तर मत पडलं असतं, आमच्याच पेटीत, नवव्या लायनीच्या पाण्यासाठी.

अप्पा उठले. "सायेब, माझा आक्षेप हाय," ते म्हणाले. "ही भागीरथी न्हाई."

साहेब चक्रावले. "चिठ्ठीवरून तर तुमच्याच बाजूची दिसते की ही बाई. तुम्हाला काय माहीत, ही ती नाही?"

"भागीरथी माझी बायको व्हती," अप्पा म्हणाले. मग खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ती मेली. मी माझ्या हातानं माती दिली तिला."

आमच्याकडे हे वाक्य अप्पांच्या तोंडून कुणीच ऐकलं नव्हतं. ते नेहमी "ती नसताना" म्हणायचे, "तिच्या मागं" म्हणायचे. पदराआडची बाई मुसमुसायला लागली. तिसऱ्या लायनीतली नवी सून होती ती, तात्यांच्या गोटातल्या सासऱ्यानं धाडलेली. साहेब पोलिसाला हाक मारणार तोच अप्पांनी हात जोडले. "लेकरू हाय सायेब. तिला काय ठाव न्हाई. नाव म्या ठिवलं व्हतं, चूक माझी हाय." साहेबांनी दम देऊन तिला घरी पाठवलं. मग माझा नंबर आला. मी शिक्का कुठे मारला हे मला आजही नीट आठवत नाही, घडी मात्र उभी घातली.

दुसऱ्या दिवशी तहसीलला मोजणी झाली. रुक्मिणबाई एका मतानं पडल्या.

आम्ही जीपनं परत निघालो. रुक्मिणबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या, पदरानं तोंड पुसत होत्या. एकदाच म्हणाल्या, "सात खेपा मलाच की हो अप्पा." रागावून नाही, पण म्हणाल्या. अप्पांनी मान खाली घातली. त्यांचं खरं होतं आणि रुक्मिणबाईंचंही खरं होतं, आणि या दोन खऱ्या गोष्टींचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही. पुढची पाच वर्षं नवव्या लायनीला फुसफुसच आली आणि अप्पा दर महिन्याला पंचायतीत जाऊन त्यावरून भांडत राहिले.

दुकानासमोर जीप थांबली तेव्हा तात्यांना राहवलं नाही. "अप्पा, तेवढं एक मत पडू दिलं असतं तर बरोबरी व्हती. चिठ्ठ्या टाकल्या असत्या. काय सांगावं, आपलीच निघाली असती. एका मतासाठी समदं घालवलं तुमी."

अप्पा जीपमधून उतरत होते. एक पाय खाली, एक वर. "मत नव्हतं ते तात्या," ते म्हणाले. "माझी बायको व्हती ती."

माणसं पांगली. अप्पांनी दुकानाचं कुलूप काढलं, आत जाऊन दिवा लावला आणि मला हाक मारली. मी गेले तर त्यांनी पोत्यावरची जागा पुसून दिली आणि गठ्ठ्यातला उरलेला एक कोरा अर्ज माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "लिही."

मी लिहायला घेतलं. यादी क्रमांक. मयताचे नाव. गाव. लिहिताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही, बैलांच्या गोष्टी काढायला मला येत नव्हत्या. खाली एक रकाना होता, अर्जदाराचे मयताशी नाते. दोनशे घरांमधून मी तो विचारत आले होते. मुलगा, भाऊ, सासरा, आई. तो न विचारता भरता आला असता. तरी मी विचारलं.

"नवरा," अप्पा म्हणाले, आणि सहीसाठी हात पुढे केला.